कामाच्या खोलीतले संगणक-पुस्तकांचे कपाट कसे आवरावे

संगणकाची पुस्तके घरात येतात ती एखाद्या नोकरीच्या, प्रकल्पाच्या किंवा परीक्षेच्या निमित्ताने; निमित्त सरते आणि पुस्तक फळीवर राहून जाते. या व्यवसायात बरीच वर्षे काढलेल्या माणसाच्या कपाटात अशा पुस्तकांच्या एकामागे एक दोन रांगा लागतात, मागची रांग पुढचीमुळे दिसतही नाही, आणि खरोखर लागणारे पुस्तक हवे तेव्हा हाती येत नाही. ‘वर्षभरात न उघडलेली वस्तू काढून टाका’ हा घर आवरण्याचा नेहमीचा सल्ला इथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण संदर्भग्रंथ चार वर्षांतून एकदाच उघडला जातो आणि त्या एका वेळी तो जवळ असावा लागतो. उलट, रोज नजरेसमोर असलेले आणि अधूनमधून चाळले जाणारे पुस्तक पार कालबाह्य झालेले असू शकते.

नुसते वयही पुरेसे नाही. १९९९ साली छापलेली दोन पुस्तके घ्या: एक वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या, त्या वर्षाच्या अखेरीस प्रमाणित झालेल्या ४.०१ आवृत्तीवर, दुसरे ग्राफवरील, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यावरील, अल्गोरिदमांवर. पहिल्यातील तक्ते वापरून पान मांडण्याच्या युक्त्या आज कोणी वापरू नयेत. दुसऱ्यातील, संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली लघुतम मार्ग शोधण्याची पद्धत आजही जशीच्या तशी शिकवली जाते. म्हणून प्रत्येक पुस्तकाला विचारायचा प्रश्न ‘तू किती जुने?’ हा नसून ‘तू ज्याविषयी सांगतोस ते किती वेगाने बदलते?’ हा आहे. पुढची सगळी निवड याच प्रश्नावर उभी आहे.

सुरुवात

संपूर्ण कपाट एकदम जमिनीवर रिकामे करू नये. संध्याकाळपर्यंत उत्साह ओसरतो आणि ढीग आहे तसा पुन्हा कोंबला जातो. तसेच एकेक फळी घेऊनही आवरू नये, कारण एकाच विषयाची पुस्तके निरनिराळ्या फळ्यांवर विखुरलेली असतात. एका वेळी एक विषय घ्यावा आणि त्या विषयाचे झाडून सगळे साहित्य, मग ते टेबलाखालच्या खोक्यात असो की खिडकीत, एकत्र आणावे. एकाच भाषेची ओळख करून देणारी चार पुस्तके शेजारी-शेजारी ठेवली की त्यांतली तीन कशाला ठेवली होती हे आपल्यालाच उमजत नाही, आणि निम्मे काम तिथेच होते.

पुस्तके बाहेर काढण्यापूर्वी कपाटाच्या प्रत्येक फळीचे, कण्यांवरची नावे वाचता येतील असे, एक छायाचित्र घ्यावे. ‘ते पुस्तक माझ्याकडे होते की नव्हते’ या पुढे येणाऱ्या शंकेचे उत्तर त्यात मिळते, आणि पुस्तक हातचे सोडतानाही ते थोडे सोपे जाते. आठशे-हजार पानांची ही पुस्तके एकेक दीड-दोन किलोची असतात, तेव्हा खोकी लहानच घ्यावीत. मोठे खोके काठोकाठ भरले की उचलणाऱ्याच्या पाठीचे आणि खोक्याच्या तळाचे एकदमच बारा वाजतात.

किती फळ्या शिल्लक ठेवायच्या हे आधी ठरवावे. जागा आधी ठरली की निवड कडक होते. निवड आधी केली तर जागा नेहमी कमीच पडते.

प्रताधिकाराचे पान वाचणे

मुखपृष्ठावर किंवा मलपृष्ठावर विश्वास न ठेवता आतले प्रताधिकाराचे पान उघडावे. तिथे आवृत्तीचे वर्ष असते आणि बहुतेक इंग्रजी पुस्तकांत त्याखाली १० ९ ८ ७ ६ ५ ४ अशी आकड्यांची ओळ असते. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे हे कितवे मुद्रण. वरच्या उदाहरणात चौथे. पुनर्मुद्रण म्हणजे नवी आवृत्ती नव्हे. २०१४ साली छापलेली प्रत २००८ च्याच मजकुराची असू शकते, आणि तो मजकूर लिहून झाला तो छपाईच्या काही महिने आधी. वर्ष पुसट झाले असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, पाहावा: १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला, तेव्हा फक्त दहा अंकी क्रमांक असलेली प्रत त्याआधीची समजावी.

वर्ष कळले की पुस्तकात कोणत्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर गृहीत धरले आहे ते प्रस्तावनेत शोधावे, आणि त्या आवृत्तीचा पाठिंबा, म्हणजे निर्मात्याकडून दुरुस्त्या मिळणे, केव्हा संपला ते निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. ब्राउझरमध्ये हलती चित्रे दाखवणारे फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाले. अशा तारखांनी बरेच वाद परस्पर मिटतात.

बिनदिक्कत जाणारी पुस्तके

एखाद्या उत्पादनाच्या एका विशिष्ट आवृत्तीच्या खिडक्या आणि मेनू दाखवणारी पुस्तके पहिल्या झटक्यात बाजूला काढावीत. त्यांतली निम्मी जागा पडद्याच्या चित्रांनी व्यापलेली असते आणि तो पडदा आता कोणाच्याही संगणकावर दिसत नाही. प्रमाणपत्र परीक्षांच्या तयारीची पुस्तकेही याच गटात येतात. मुखपृष्ठावर परीक्षेचा क्रमांक असतो, ती परीक्षा बंद झाली असेल तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही. ‘अमुक दिवसांत शिका’ थाटाची पुस्तके बहुधा एकदाच वापरून झालेली असतात, आणि वापरून झालेली नसतील तर आता होणार नाहीत.

भाषांच्या पुस्तकांत मात्र सरसकट हात चालवू नये, कारण सगळ्या भाषा सारख्या वेगाने म्हाताऱ्या होत नाहीत. मधलेच एखादे पान उघडून उदाहरणे पाहिली तरी कळते. पायथनच्या पुस्तकात प्रिंटच्या पुढे कंस नसेल, जावास्क्रिप्टच्या पुस्तकात चल जाहीर करताना सगळीकडे फक्त ‘व्हार’ असेल आणि २०१५ च्या प्रमाणात आलेले ‘लेट’ व ‘कॉन्स्ट’ कुठेच दिसत नसतील, जावाच्या पुस्तकात २००४ साली आलेल्या जेनेरिक्सचा पत्ता नसेल, सी++ च्या पुस्तकात २०११ च्या प्रमाणात नापसंत ठरवलेला आणि २०१७ च्या प्रमाणातून काढूनच टाकलेला ‘ऑटो पॉइंटर’ कौतुकाने शिकवला असेल, तर त्या पुस्तकातून आज शिकणाऱ्याला आधी चुकीच्या सवयी लागतील आणि मग त्या मोडाव्या लागतील. याउलट सी, शेल, ऑक, रेग्युलर एक्स्प्रेशन किंवा डेटाबेसकडून माहिती मागण्याच्या मूलभूत एसक्यूएल भाषेवरचे नव्वदच्या दशकातले चांगले पुस्तक आजही टेबलावर ठेवण्याजोगे असते. त्यातली बहुतेक उदाहरणे टंकून पाहिली तर चालतात.

सुरक्षेची जुनी पुस्तके

या गटाकडे जास्त लक्ष द्यावे, कारण बाकीची जुनी पुस्तके फार तर निरुपयोगी असतात, ही मात्र अपायकारक असतात. दिसायला ती गंभीर आणि जाडजूड असतात, म्हणूनच ती टाकताना हात अडखळतो. त्यांत सुरक्षित म्हणून सांगितलेली, मजकुराचा छोटा ठसा काढण्याची एमडी५ ही पद्धत २००४ मध्ये प्रत्यक्ष टकरी (दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा) दाखवून निकालात निघाली, एसएचए-१ ची तीच गत २०१७ मध्ये झाली, जोडणी कूटबद्ध करण्याच्या प्रमाणांपैकी एसएसएल ३.० हे २०१५ मध्ये आणि टीएलएस १.० व १.१ हे २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढले गेले. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावावा हा त्या काळातला छातीठोक सल्ला. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत नेमके उलट सांगितले आहे.

यापेक्षाही धोकादायक असतात ती ज्यांच्या नावात सुरक्षेचा उल्लेखही नाही अशी पुस्तके. पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून संकेतस्थळ कसे बनवावे हे सांगणारे २००५ च्या सुमाराचे पुस्तक उघडा. लॉगिनच्या प्रकरणात वापरकर्त्याने अर्जात भरलेले नाव जसेच्या तसे उचलून एसक्यूएलच्या वाक्यात दोन अवतरण चिन्हांमध्ये चिकटवलेले दिसेल आणि ते वाक्य थेट डेटाबेसकडे पाठवलेले दिसेल. त्या नावाच्या जागी कोणी एक अवतरण चिन्ह आणि पुढे आपली अट टंकली, तर पासवर्ड न देताच दार उघडते. ज्या जुन्या फंक्शन-संचाने ते वाक्य पाठवले जाते तो पीएचपी ७.० मधून २०१५ च्या अखेरीस काढूनही टाकला गेला. पण वाक्य जोडण्याची ती सवय कोणत्याही नव्या भाषेत तितक्याच सहज उतरते. असे पुस्तक घरातल्या शिकणाऱ्या मुलाच्या हाती पडण्यापेक्षा रद्दीत गेलेले बरे, आणि ते दानही करू नये.

इथे ग्रंथालयांचा एक संकेत माहीत असलेला चांगला. अमेरिकेतील टेक्सास राज्य ग्रंथालयाने ग्रंथसंग्रहातून पुस्तके वगळण्यासाठी ‘क्रू’ नावाची पद्धत प्रचारात आणली आहे. त्यात संगणकशास्त्राच्या ००४ या ग्रंथालयीन वर्गाला तीन वर्षांची मुदत दिलेली आहे, आणि पुस्तक किती वाचकांनी नेले हे त्या वर्गात विचारातही घेतले जात नाही. पुस्तक दिशाभूल करणारे आहे का, जीर्ण झाले आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, उथळ आहे का, वाचकांना गैरलागू आहे का, अन्यत्र सहज मिळते का, असे सहा प्रश्न त्यासोबत येतात. घरच्या कपाटाला तीन वर्षांची मुदत माझ्या मते फार कडक आहे, कारण ग्रंथालयात येणाऱ्या अनोळखी वाचकाला जुने-नवे ओळखता येईलच असे नाही, आपल्याला येते. मात्र सहा प्रश्नांतला पहिला आणि शेवटचा हे दोन घरीही तंतोतंत लागू पडतात.

ठेवायची पुस्तके

कल्पना सांगणारी पुस्तके ठेवावीत. अल्गोरिदम, डेटा स्ट्रक्चर, संकलकांची (कंपायलर) रचना, कार्यप्रणालीची तत्त्वे, संगणकीय गणित, आज्ञावली लिहिण्याची शैली, संघ आणि प्रकल्प चालवण्याविषयीचे अनुभव, हे सारे सावकाश जुने होते. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या, माहिती तक्त्यांत मांडण्याच्या संबंधात्मक प्रतिमानावरचे चांगले विवेचन आजच्या कोणत्याही डेटाबेससमोर बसताना उपयोगी पडते. नेटवर्कच्या पुस्तकात टीसीपीचे, म्हणजे दोन संगणकांमधल्या जोडणीच्या नियमांचे, प्रकरण चांगले असेल तर ते ठेवायला हरकत नाही. टीसीपीचा १९८१ चा मूळ दस्तऐवज २०२२ मध्ये नव्या दस्तऐवजाने बदलला असला तरी जोडणी प्रस्थापित करण्याची ती तीन टप्प्यांची देवघेव तीच आहे. त्याच पुस्तकातले मोडेमचे प्रकरण वाचू नये, इतकेच. अशा पुस्तकांच्याही दोन आवृत्त्या जवळ असतील तर नवी ठेवावी, जुनीत स्वतःच्या टिपा असतील तर त्या पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत सोडावी.

दुसरा अपवाद थोडा उफराटा आहे. ज्या प्रणाली बाजारातून गेल्या पण कुठेतरी अजून चालत आहेत त्यांची पुस्तके टाकण्याची घाई करू नये. कोबोल १९५९ मध्ये आकाराला येऊ लागली आणि बँकांच्या हिशेबांत ती आजही आहे. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चे, त्याच्या विकास-साधनाचा पाठिंबा २००८ मध्ये संपला, तरी त्यात लिहिलेल्या आज्ञावली अजून चालतात आणि कोणाला तरी त्या दुरुस्त कराव्या लागतात. अशा मेलेल्या साधनांची अधिकृत माहिती निर्माता संकेतस्थळावरून हलवतो किंवा काढून टाकतो, आणि मग छापील पुस्तक हेच हाताशी राहते. आपल्यावर अशा एखाद्या प्रणालीची जबाबदारी असेल, किंवा येण्याची वास्तव शक्यता असेल, तर त्या विषयावरचे सर्वांत चांगले एक पुस्तक ठेवावे. एक म्हणजे एकच.

तिसरा गट भावनेचा आहे, आणि त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. ज्या पुस्तकावरून पहिली आज्ञावली लिहिली ते ठेवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. अट इतकीच की अशी पुस्तके संदर्भाच्या फळीवर न ठेवता वेगळी ठेवावीत, म्हणजे उद्या गडबडीत उत्तर शोधताना चुकून त्यांतले उत्तर उचलले जाणार नाही. ‘एवढे पैसे मोजले होते’ ही मात्र भावना नव्हे. पैसे पुस्तक घेतले तेव्हाच गेले; फळी अडवून ठेवल्याने ते परत येत नाहीत.

शंकेच्या ढिगाला एक सोपी परीक्षा द्यावी: त्यातल्या विषयावरचा एक खरा प्रश्न मनाशी घ्यावा, आणि आपण आधी पुस्तक उघडू की अधिकृत दस्तऐवजाचे संकेतस्थळ, याचे स्वतःला प्रामाणिक उत्तर द्यावे. संकेतस्थळ हे उत्तर आले की पुस्तक जाणाऱ्या ढिगात घालावे.

बाहेर काढण्यापूर्वी

जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचे दोन्ही पुठ्ठे धरून पाने खाली लोंबती ठेवावीत आणि हलकेच झटकावे. खूण म्हणून घातलेल्या चिठ्ठ्यांवर सर्व्हरची नावे, पासवर्ड, परवान्याच्या किल्ल्या, ग्राहकांचे दूरध्वनी असे काहीही निघते. जुन्या कंपन्यांतून आलेली अंतर्गत प्रशिक्षण-पुस्तिका गोपनीय असू शकते. ती विकू नये, कोणाला देऊ नये, फाडून बारीक करावी.

मलपृष्ठाच्या आत चिकटवलेल्या पाकिटात सीडी किंवा साडेतीन इंची फ्लॉपी असते. तिच्यावरची उदाहरणे प्रकाशकाच्या संकेतस्थळावर उपलब्ध नसतील आणि पुस्तक ठेवायचे असेल, तर सीडीची प्रतिमा-फाइल करून ठेवावी; नाहीतर ती पाकिटासकट काढून वेगळी करावी, कारण पॉलिकार्बोनेटची चकती कागदाबरोबर पुनर्वापराला जात नाही. स्वतः लिहिलेल्या सीडीवर खासगी माहिती असेल तर नावाच्या बाजूने खोल ओरखडे काढावेत. माहितीचा थर त्याच बाजूला, पातळ लेपाखाली असतो.

पाठवणी

विकता येतील अशी पुस्तके थोडीच निघतात: कल्पनांच्या पुस्तकांच्या जादा प्रती, चालू आवृत्त्या, आणि दुर्मीळ झालेली जुन्या प्रणालींची पुस्तके. आयएसबीएन टाकून जुन्या पुस्तकांच्या बाजारात ती किती जण विकत आहेत हे पाहिले की अंदाज येतो. शेकडो प्रती पडून असतील तर वेळ घालवू नये.

देणगी देण्यापूर्वी विचारावे. नाव, आवृत्ती आणि वर्ष यांची यादी आधी पाठवावी आणि घेणाऱ्याने खूण केलेलीच पुस्तके न्यावीत. न विचारता खोकी नेऊन ठेवली तर देणाऱ्याला पुण्य आणि घेणाऱ्याला हमाली, असा प्रकार होतो, कारण अखेर ती रद्दीत टाकण्याचे काम त्याच्यावर येते. शाळेला विंडोज ९८ चे पुस्तक देऊन मुलांचे भले होत नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या यंत्रांच्या मूळ मार्गदर्शिका हा वेगळा विषय आहे. त्या हाती लागल्या तर बिटसेव्हर्स किंवा इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहांत त्यांची प्रत आधीच आहे का ते शोधावे. नसेल तर स्कॅन करून घेणारे आणि जपणारे लोक आहेत, त्यांना विचारावे.

उरलेले सगळे कागदाच्या पुनर्वापराला जाते, पण आहे तसे नव्हे. कठीण बांधणीचे पुस्तक टेबलावर उघडावे, पुठ्ठा आणि पहिले पान यांच्यामधल्या सांध्यावरून धारदार सुरी एकदा वरून खाली सावकाश फिरवावी, मागच्या बाजूलाही तसेच करावे. पानांचा गठ्ठा पुठ्ठ्यातून मोकळा होऊन हातात येतो. कापड लावलेला पुठ्ठा वेगळा टाकावा. कागदी बांधणीच्या पुस्तकाचे चकचकीत, प्लॅस्टिकचा थर असलेले मुखपृष्ठ ओढून काढावे. कण्यावरचा घट्ट गोंद काढायचा की नाही हे आपल्या भागातल्या कागद-संकलनाच्या नियमांवर अवलंबून आहे. तारेची बांधणी असेल तर तार ओढून धातूत घालावी. बुरशी आलेली किंवा कसर लागलेली पुस्तके मात्र इतरांत न मिसळता पिशवीत बंद करून सरळ कचऱ्यात टाकावीत, आणि ती जिथे होती ती फळी कोरड्या फडक्याने पुसून दिवसभर उघडी ठेवावी.

पुन्हा मांडताना

जड पुस्तके खालच्या फळीवर उभी ठेवावीत. एखाद्या फळीला बाक आला असेल आणि ती सुटी असेल तर उलटी करून बसवावी. प्रत्येक फळीवर थोडी जागा मोकळी सोडावी आणि मागे दुसरी रांग लावू नये. दुसरी रांग लागली की कपाट पुन्हा पूर्वपदावर आले असे समजावे.

यापुढे कल्पनांची पुस्तके कागदावर घ्यावीत, उत्पादनांची आणि आवृत्त्यांची माहिती शक्यतो पडद्यावर वाचावी. तरीही एखाद्या आवृत्तीचे पुस्तक घेतलेच, तर घरी आणल्या दिवशीच पहिल्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने आवृत्तीचा क्रमांक आणि तिचा पाठिंबा संपण्याची तारीख लिहून ठेवावी. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे मिळतात, इतर बऱ्याच साधनांच्या तारखा निर्माते आधीच जाहीर करतात. पुढच्या वेळी कपाट आवरताना पुस्तक वाचत बसावे लागणार नाही. पहिले पान उघडून तारीख पाहावी, उलटली असेल तर पुस्तक खोक्यात घालावे.